पाणी कुठून येतं आणि पाय कुठे जातात

घरामागे बाग करायची ठरलं तेव्हा माझ्या फोनमध्ये बागांचे ढीगभर फोटो साठले होते. गोल हिरवळ, मधोमध कारंजं, कडेनं रंगीत फुलांच्या रांगा. त्यातलं काय काय घ्यायचं ते कागदावर उतरवून झालं होतं आणि रोपं आणायचा दिवसही ठरला होता. त्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला. सकाळी मागचं दार उघडलं तर गढूळ पाणी उंबऱ्याला लागलेलं. खराट्यानं पाणी लोटता लोटता कळलं की या जमिनीचा उतार घराकडे आहे. त्या पाण्यात माझी गोल हिरवळ दोन पावसांतच सडली असती.

छत्री घेतली आणि तशीच बाहेर जाऊन उभी राहिले. पाणी वरच्या कुंपणाकडून दोन धारांनी येत होतं, मध्ये एका खोलगटात थांबत होतं आणि तिथून घराकडे वळत होतं. जिथे जिथे ते वळलं तिथे विटेचा एकेक तुकडा ठेवला. माझ्या बागेचा पहिला आराखडा या विटांच्या तुकड्यांनी आखला गेला. कागदावरचा आराखडा त्यावरूनच पुढे झाला. नव्यानं बाग करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते: रोपवाटिकेत जायच्या आधी एक पाऊस आपल्या जागेत उभं राहून बघा. पावसाचे दिवस नसतील तर वरच्या टोकाला पाण्याची नळी सोडून बघा.

पुढचे तीन आठवडे काहीही खोदायचं नाही, असं घरात जाहीर केलं. माडीच्या खिडकीतून सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार वाजता रोज एक फोटो काढला. ऊन कुठे सहा तास टिकतं आणि कुठे जेमतेम दोन तास येतं हे त्या फोटोंतून स्पष्ट दिसलं. दुपारनंतर पश्चिमेच्या कोपऱ्यात बसायची सोय नाही, तिथे सावली लागणार, हेही तेव्हाच कळलं.

आणि पाय. घरातली माणसं मागच्या दारातून कुठे कुठे जातात ते मी बघत राहिले. कपडे वाळत घालायच्या दोरीकडे, नळाकडे, कंपोस्टच्या पिंपाकडे. गवत तुडवलं जाऊन तिथे बोटभर खोल पायवाट पडली होती. माझ्या कागदावरचा रस्ता मात्र छानसं वळण घेत भलतीकडूनच जात होता. तो मी खोडला. पडलेल्या पायवाटेला धरूनच फरशी घालायची ठरवलं. नाहीतर माणसं फरशी सोडून वाफ्यातून चालतात आणि तुडवलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही.

मातीची परीक्षा घरातल्या साध्या वस्तूंनी होते. वीतभर खोलीची, खडे काढलेली माती काचेच्या उभ्या बरणीत निम्म्यापर्यंत घेतली, वर पाणी भरलं, चिमूटभर भांडी घासायची पावडर टाकली, जोरात हलवली आणि बरणी ठेवून दिली. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती मात्र दिवस दिवस पाण्यात तरंगत राहते. माझ्या बरणीत चिकणमातीचा थर चांगला जाड निघाला. मग निचरा पाहिला. ३० सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घेतला, एकदा पाण्यानं भरून जिरू दिला, पुन्हा भरला आणि पट्टी उभी करून दर तासाला माप घेतलं. घराजवळ तासाला जेमतेम १ सेंटीमीटर पाणी उतरत होतं, डाव्या कोपऱ्यात ३ सेंटीमीटरच्या वर. तासाला अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरलं तर निचरा कमजोर समजायचा. पावसाचं पाणी डाव्या कोपऱ्यात न्यायचं हा निर्णय त्या पट्टीनं घेतला.

जागेची खोली ८ मीटर, लांबी ११ मीटर. किती चढ आहे ते आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून मोजलं. नळीची दोन्ही टोकं उभी धरली की पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं, मग जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. एक टोक नवऱ्याकडे, एक माझ्याकडे. घरापासून कुंपणापर्यंत ६० सेंटीमीटर चढ निघाला. नुसत्या डोळ्यांना तो निम्माही वाटत नव्हता.

मग आराखडा आपोआप सुचत गेला. घरालगतची जमीन खणून तिचा उतार उलटा करायचा: भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दर मीटरला २ सेंटीमीटर. साडेचार मीटरवर एक उथळ चर, त्यात गोटे भरायचे. चरापलीकडे दगडांचा बुटका बांध घालायचा, खणून निघालेली माती त्याच्या मागे टाकायची आणि तिथे वरचा वाफा करायचा. म्हणजे माती बाहेर नेऊन टाकायलाही नको. चराचं पाणी डाव्या कोपऱ्यातल्या खोलगट वाफ्यात. एरवी हा चर कोरड्या ओढ्यासारखा दिसतो, पावसात खरंच ओढा होतो. माझ्या सगळ्या बागेतली ही गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. कारंजं घातलं असतं तर त्याची इतकी माया लागली असती असं मला वाटत नाही.

खोलगट वाफ्याचं गणितही सरळ आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. मागच्या बाजूच्या छताचा ४० चौरस मीटर भाग एका पन्हाळीत उतरतो. २५ मिलिमीटर पाऊस झाला की त्या एका नळातून १००० लिटर पाणी येणार. वाफा ६ चौरस मीटरचा आणि १५ सेंटीमीटर खोल ठेवला, त्यात ९०० लिटर मावतात. जादा पाण्याला कडेनं बाहेर जायला वाट दिली. घराच्या भिंतीपासून तो ३ मीटर लांब ठेवला, पायाशी ओल नको म्हणून. पाणी साचलं की डास होतील, अशी सासूबाईंना काळजी होती आणि ती रास्तच होती. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. वाफ्यातलं पाणी एक-दोन दिवसांत जिरलं पाहिजे, हे खूण म्हणून आम्ही धरून ठेवलं.

बांधाचं काम सांगायला हवं, कारण ते मी सगळं जवळून पाहिलं आणि थोडं हातानं केलंही. सिमेंट न वापरता दगडावर दगड रचायचा होता. आधी १५ सेंटीमीटर खोल चर खणून त्यात खडी भरली आणि धुम्मस मारून घट्ट केली. सर्वांत मोठे, सपाट बुडाचे दगड खाली. गवंडीकाका प्रत्येक दगड हातात घेऊन दोनदा फिरवायचे, मग ठेवायचे, वर उभे राहून डुलतो का बघायचे. डुलला की खाली चिप सरकवायची. "ताई, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही," हे त्यांनी मला पहिल्याच तासाला सांगितलं. खालच्या दोन दगडांच्या फटीवर वरचा दगड आडवा बसला पाहिजे. बांध किंचित मागे, मातीकडे झुकता: ३० सेंटीमीटर उंचीला ५ सेंटीमीटर. अधूनमधून एखादा लांब दगड मागच्या मातीत खोल शिरलेला. मागे वीतभर जागा सोडून तिथे खडी, म्हणजे पाणी मातीत कोंडून बांधाला ढकलत नाही, फटींतून निघून जातं. सिमेंटच्या भिंतीला पाणी जायला नळ्या ठेवल्या नाहीत तर ती याच दाबानं फुगते. आमचा बांध गुडघ्याएवढाच आहे. कमरेपर्यंतचा करायचा असता तर मी इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक दगड ठेवू दिला नसता.

वरचे दगड हातभर रुंद घेतले. बसायला बाक घ्यायचा होता तो मग घेतलाच नाही. ४५ सेंटीमीटरच्या आसपासची उंची खुर्चीची असते, आणि अख्खा बांधच बाक झाला. एका कामात दोन कामं निघतील अशी जागा शोधायची, ही सवय मला या बांधानं लावली.

आता माझ्या एका चुकीचं सांगते. वरच्या वाफ्याकडे जायला चार पायऱ्या होत्या. सासरे काठी घेऊन चालतात, त्यामुळे पायऱ्या सोप्या हव्यात यावर मी खूप विचार केला होता. १७व्या शतकातला फ्रेंच वास्तुकार फ्रांस्वा ब्लोंदेल यानं मांडलेला नियम आजही वापरतात: पायरीची उंची दुप्पट करून त्यात पाऊल ठेवायची रुंदी मिळवली की माणसाच्या एका पावलाएवढं अंतर यायला हवं, साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर. मी उंची १२ आणि रुंदी ३८ धरली, बेरीज ६२. कागदावर चोख.

पायऱ्या बांधून झाल्या, मग खालची फरशी आली. चौथ्या दिवशी सासरे चढायला गेले. पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि ते पुढे झुकले, काठी दगडावर खटकन वाजली. नवऱ्यानं दंड धरला म्हणून पडले नाहीत. ते तिथेच थांबले, काठीनं पहिली पायरी ठोकली, मग दुसरी ठोकली. "अगं, ही पहिली बुटकी आहे. पाय वर उचलला आणि खाली काहीच नाही."

टेप लावला. पहिली ७ सेंटीमीटर, बाकीच्या तिन्ही १२. पायऱ्यांचं माप मी खालच्या खडीच्या थरापासून दिलं होतं. त्यावर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, आणि फरशी येऊन पातळी ५ सेंटीमीटर वर येणार, हे धरलंच नव्हतं. माणूस पहिल्या दोन पायऱ्यांवर उंचीचा अंदाज बांधतो आणि पुढे त्याच अंदाजानं पाय टाकतो. त्यामुळे एखादी पायरी दोन बोटं कमी-जास्त असली तरी पडायला पुरते. चारही पायऱ्या उचलल्या. एकूण ४३ सेंटीमीटर चढाचे सारखे चार भाग केले, प्रत्येकी पावणेअकरा, आणि पाऊल ४० सेंटीमीटरचं केलं. दोन दिवसांचं काम वाया गेलं. पण तो काठीचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही, त्या दोन दिवसांचं मला काही वाटलं नाही. तुम्ही पायऱ्या करणार असाल तर माप नेहमी तयार फरशीच्या पातळीपासून घ्या.

फरशीची वाट १२० सेंटीमीटर रुंद केली. एकट्या माणसाला ९० पुरतात, पण सासऱ्यांचा हात धरून शेजारून कुणी चालायचं तर एवढी लागतेच. खाली १० सेंटीमीटर खडी, दोन थरांत धुम्मस मारून. एकदम जाड थर टाकला तर वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो, मग वर्षभरात फरशा डुगडुगायला लागतात. त्यावर कचेचा पातळ थर आणि वर खरबरीत पृष्ठभागाचे दगड. गुळगुळीत फरशी सुंदर दिसते, पावसात शेवाळ धरते, मला ती बाहेर कुठेच नको होती.

ओढ्याचं काम दुसऱ्या एका माणसाकडे होतं. तण येऊ नये म्हणून त्यानं गोट्यांखाली प्लास्टिकचा कागद पसरला. मला शंका आली होती, तरी मी गप्प बसले. पहिल्याच सरीत पाणी प्लास्टिकवरून सरकत गेलं, कागद फुगला आणि गोटे घसरून एका बाजूला गोळा झाले. खालची माती कोरडी ठणठणीत. सगळे गोटे काढून पाणी झिरपू देणारं जाड कापड घातलं, ज्याला जिओटेक्स्टाइल म्हणतात. त्यानंही तण कायमचं थांबत नाही, हे सांगायला हवं. गोट्यांत धूळ साठते, वाऱ्यानं बी येऊन वरच रुजतं. महिन्यातून एकदा हातानं उपटावं लागतं, तेवढं मी करते.

गोटे पुन्हा लावताना मात्र फायदा झाला. पहिल्यांदा सगळे एका आकाराचे, ओतल्यासारखे होते. दुसऱ्यांदा मी स्वतः बसले. खऱ्या ओढ्यात वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पाण्याचा जोर असतो, तिथे मोठे दगड उरतात आणि आतल्या बाजूला बारीक वाळू-खडी साठते. तसंच लावलं. मोठे दगड एक तृतीयांश मातीत पुरले. नुसता वर ठेवलेला दगड आणून ठेवल्यासारखाच दिसतो, पुरलेला जमिनीतून आल्यासारखा. वाट जिथे ओढा ओलांडते तिथे एक मोठी सपाट शिळा टाकली. तिच्याखालून पाणी जाताना आवाज येतो.

एवढं झाल्यावर रोपं. खोलगट वाफ्यात वाळा आणि कर्दळ. वाळ्याची मुळं खूप खोल जातात, त्याला चार दिवस पाण्यात उभं राहिलेलं चालतं आणि पुढे महिनाभर कोरडही चालते. वरच्या वाफ्यात उन्हात जास्वंद आणि गवती चहा, घराच्या सावलीत नेचे. पाणी जास्त लागणारी एकीकडे, कमी लागणारी दुसरीकडे, म्हणजे एकाला पाजताना दुसरं कुजत नाही. प्रत्येक जात तीन किंवा पाचच्या घोळक्यानं लावली आणि तेच घोळके पुन्हा पुढे आणले. वीस जातींचं एकेक रोप लावलेला वाफा मला प्रदर्शनासारखा वाटतो, डोळा कुठे ठरतच नाही.

जास्वंदींमध्ये मी दीड मीटर अंतर ठेवलं. वितभर रोपं, मध्ये एवढी रिकामी माती, येणारा प्रत्येक जण म्हणायचा की वाफा ओका दिसतो. रोप आज केवढं आहे त्यावर अंतर ठरवायचं नसतं, पूर्ण वाढल्यावर किती पसरेल त्यावर ठरवायचं. मधल्या जागेत पहिली दोन वर्षं झेंडू आणि कॉसमॉस पेरले. मातीवर वाळलेल्या पानांचं ६-७ सेंटीमीटर आच्छादन घातलं, खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडून, नाहीतर खोड ओलं राहून कुजतं.

एका बाबतीत मी हट्टानं नाही म्हटलं. बांधावरून खाली लोंबायला पिवळ्या फुलांचा वेडेलिया सुचवला गेला होता, आणि कुंपणाला रंगीत घाणेरी. दोन्ही शोभेची म्हणून सर्रास विकली जातात, दोन्ही झटपट पसरतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत ही दोन्ही नावं आहेत. बागेबाहेर गेली की खालची बाकी झाडं दाबून टाकतात. माझ्या बांधाच्या शोभेसाठी बाहेरच्या माळाला ती शिक्षा नको. तिथे आता ऑफिस टाइम नावाचं फुलझाड लोंबतं, ऊन चढलं की फुलतं आणि दुपारी मिटतं.

पश्चिमेला सावलीसाठी पांढरा चाफा लावला. थंडीत तो पानं गाळतो, म्हणजे ऊन हवं तेव्हा ऊन आणि सावली हवी तेव्हा सावली. मनगटाएवढी फांदी मिळाली होती. कापल्यावर पांढरा चीक गळत होता. ती लगेच लावायची नाही, आठवडाभर सावलीत उभी ठेवून काप पूर्ण सुकू द्यायचा, नाहीतर मातीत बुडापासून कुजते. लावल्यावर दोन महिने ती नुसती काठी होती. लेक रोज विचारायची, "आई, मेली का गं?" एके दिवशी टोकाला गव्हाएवढा हिरवा कोंब दिसला.

हिरवळ लहानशीच ठेवली, लेकीला खेळायला पुरेल एवढी. दिवे फक्त पायऱ्यांना, गुडघ्याखाली, पिवळसर उजेडाचे आणि वरून झाकलेले, म्हणजे उजेड पावलांवर पडतो, डोळ्यांत जात नाही.

कुंपणाची मेंदी आधी मी सगळीकडे सारखी उंच वाढवणार होते. मग एका संध्याकाळी बांधावर बसले असताना पलीकडच्या जागेतलं जुनं झाड दिसलं, मागे मावळतीचं आभाळ. जपानी बागकामात याला शाक्केई म्हणतात, उसना घेतलेला देखावा. त्या झाडासमोरची मेंदी दोन मीटरच्या पट्ट्यात कमरेपर्यंतच ठेवते. त्यामुळे बाग कुंपणापाशी संपल्यासारखी वाटत नाही.

पुढच्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस रात्री आला. मी आणि नवरा टॉर्च घेऊन मागच्या दारात उभे राहिलो. फरशीवरून पाणी घरापासून लांब पळत होतं. गोट्यांमध्ये गेलं, शिळेखालून आवाज करत गेलं, वळणावर मोठ्या दगडांना धडकून डावीकडे वळलं. खोलगट वाफा भरत भरत काठापर्यंत आला, वाळ्याची पाती पाण्यातून वर. उंबरा कोरडा होता. सकाळी सहाला उठून पट्टी घातली तेव्हा पाणी ६ सेंटीमीटर होतं, दुपारी वाफ्यात नुसता चिखल.

सासरे खाली उतरले, चारही पायऱ्या, काठी एका हातात. बांधाचा दगड रुमालानं पुसला आणि बसले. "चाफ्याला आधाराची काठी आता काढ," ते म्हणाले, "वाऱ्यात हलू दे जरा त्याला, खोड धरेल." ती त्याच दिवशी काढली.